गाण्याची पट्टी कोण ठरवतं?

आखाजी होऊन गेली, पापड-कुरडया वाळवून डब्यात गेल्या, आणि आता पोरं घरात आहेत. आमच्या खान्देशात या दिवसांत सकाळी दहालाच पत्रा तापतो. दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. मग पोरं मोबाइलसाठी भांडतात आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. घरोघरी हेच चाललेलं असतं.

म्हणून मागच्या मे महिन्यात आमच्या बचत गटाने ठरवलं, की दहा दिवस मुलांना गाणं शिकवायचं. सकाळी सात ते नऊ, शाळेच्या व्हरांड्यात, फी नाही. पेटी भजनी मंडळाची, शिकवायला मंडळाचेच पेटीवाले काका. पहिल्या दिवशी चाळीसेक पोरं आली, त्यात निम्म्याहून जास्त मुली. तिसऱ्या दिवशी मुली आठच उरल्या.

आम्ही घरोघरी गेलो. एक मुलगी म्हणाली, "मला गाता येत नाही. आवाजच निघत नाही." दुसरी म्हणाली, "वर गेलं की किंचाळल्यासारखं होतं, मुलं हसतात." तिसरीची आई म्हणाली, "आमच्या घरात कोणाचा गळाच नाही हो." आणि तिसरीची आजी तिथेच बसून तांदूळ निवडत होती, तिला आम्ही विचारलं, तर तीही म्हणाली, "मले कुठं गानं येतं?" ही तीच आजी, जिच्या ओव्या ऐकायला लग्नाच्या हळदीला बायका तिला शेजारच्या गावाहून बोलावतात.

त्या दिवशी आम्हाला वाटलं, हे काय आहे ते नीट शोधलं पाहिजे. गाणारी बाईच म्हणते मला गाणं येत नाही, हे कधीपासून? आजच्या बोलण्यात आम्ही तेच सांगणार आहोत. थोडं जुनं आहे, पण ऐका.

आपली ओवी किती जुनी असेल, असं तुम्हाला वाटतं? आजीची? पणजीची? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. इ. स. 1129च्या सुमाराचा. राजाने काय खावं, काय ल्यावं, करमणूक कशी करावी, सगळं त्यात आहे. त्या एवढ्या मोठ्या ग्रंथात एका ठिकाणी म्हटलंय, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे जवळपास नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या दरबारात आपल्या मुसळाच्या गाण्याची नोंद झाली होती. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती 1290 साली. त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं ओवी बायकांच्या तोंडी होती. ज्ञानेश्वर माउलींनी गीता मराठीत आणली ती ओवीत, हे आपण सगळ्या जाणतो. पण ओवी त्यांच्याआधी कोणाच्या घरात नांदत होती, हे फारसं कोणी सांगत नाही.

ही ओवी शिकवायला वर्ग नव्हता. पहाटे चारला आई घरोटापाशी बसायची. आमच्याकडे जात्याला घरोट म्हणतात. तान्हं मांडीवर, त्याहून मोठी शेजारी गोधडीत. पोर सहा-सात वर्षांची झाली की तीही खुंट्याला हात लावायची. तिच्या हाताने काही दळलं जायचं नाही, पण तिला लय कळायची. वैरण टाकायला हात सुटला की ओळ थांबते, पाळू जड झाली की सूर लांबतो, समोर जाऊ बसली असेल तर एक ओळ तिची, एक आपली. दहा वर्षांची होईस्तोवर पन्नास-शंभर ओव्या पोरीला सहज यायच्या. सासरी जाताना त्या तिच्याबरोबर जायच्या आणि तिथे सासूच्या, नणंदेच्या ओव्यांत मिसळायच्या.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. घरोटावर सूर कोणी देत नव्हतं. बाईचा आवाज जिथे लागेल तिथून ती उचलायची. सर्दी झाली असेल तर खालून, मन भरून आलं असेल तर आणखी खालून.

जात्याशिवाय मुलींची आणखी एक शाळा होती, सणांची. घाटावर हस्त नक्षत्रात भोंडला किंवा हादगा, आमच्याकडे भाद्रपदात गुलाबाई, विदर्भात भुलाबाई. श्रावणात पंचमीची गाणी. आणि भर उन्हाळ्यात आखाजी. खान्देशातल्या बायकांना हे सांगायला नको. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, गौराई मांडतात, निंबाला झोका बांधतात. झोक्यावर बसलेली एक ओळ म्हणते, खाली उभ्या असलेल्या उचलतात. लहान पोरी झोक्याचा नंबर लागेपर्यंत नुसत्या ऐकत उभ्या असतात, आणि ऐकता ऐकताच शिकतात. आम्ही गमतीने म्हणतो, की मुलांसाठी उन्हाळी गाण्याचं शिबिर आम्ही नवं काय काढलं? आखाजीला ते पिढ्यान्‌पिढ्या भरतच होतं, नोटीस न लावता.

बहिणाबाई चौधरी याच शाळेत शिकल्या. 1880 साली आसोद्यात जन्म. लिहिणं-वाचणं येत नव्हतं. शेतात, घरात, घरोटावर काम करताना त्या रचत गेल्या. आखाजीवरही त्यांची कविता आहे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका तरुणाने ती गाणी टिपून ठेवली, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. टिपणारं कोणी नसतं, तर? आपल्या गावोगावच्या किती जणींचं तसं झालं, त्याचा हिशोबच नाही.

मग पिठाची गिरणी आली. कुठे आधी डिझेलवर, मग विजेवर. इथे आम्हाला स्पष्ट बोलायचंय. काही शिकलेले लोक गिरणीने संस्कृती बुडवली म्हणून हळहळतात. त्यांनी आठ दिवस पहाटे उठून पाच माणसांचं दळण दळावं आणि मग हळहळावं. आमच्या सासवांचे खांदे दळून दळून गेले. गिरणी आली तेव्हा बायकांना एक झोप जास्त मिळाली, आणि ती आम्हाला कोणत्याही गाण्यापेक्षा मोलाची वाटते. पण हेही खरं, की जातं कोपऱ्यात उभं राहिलं तशी ती पहाटेची शाळा बंद झाली. आणि तिच्या जागी मुलींसाठी दुसरी शाळा काही उघडली नाही.

मुलांसाठी उघडली होती. तीही सांगतो.

विष्णू दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे, जन्म 1872. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, म्हणून वडिलांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, पाणी भरायचं, आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा चार सूर मिळायचे. पलुस्करांनी हे मोडलं. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, वेळेवर या, वर्गात बसा, वहीत स्वर लिहून घ्या. साध्या घरातली मुलंही आता गाणं शिकू लागली. बायकांनाही त्यांनी शिकवलं. आज तालुक्याच्या गावी मुली गांधर्वच्या परीक्षा देतात, त्याचं मूळ तिथे आहे. पण त्याला शहर लागतं, फी लागते, आणि मुलीला बसने पाठवणारं घर लागतं.

खेड्याच्या जवळची शाळा निघाली आळंदीला. विष्णुबुवा जोग, म्हणजे जोग महाराज, यांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. शेतकऱ्यांची, गरिबांची मुलं तिथे राहून ज्ञानेश्वरी, गाथा, अभंग, कीर्तन, मृदंग शिकली आणि आपापल्या गावी परतली. आज गावच्या सप्ताहात जे टाळकरी, विणेकरी, मृदंगाचार्य दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या गुरूचा गुरू त्या परंपरेतला असतो. मे महिन्यात गावोगाव मुलांची जी वारकरी शिबिरं भरतात, हरिपाठ आणि पावली शिकवतात, त्यांचीही वाट तीच. फार मोठं काम. पण ती मुलांची शाळा होती. ज्या पंथात मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा होऊन गेल्या, त्या पंथाच्या भजनात गावात बाई मागे बसून टाळ्या वाजवत राहिली. आता कीर्तनकार बायका आहेत, मुलींच्याही वारकरी संस्था निघाल्यात, पण हे अलीकडचं.

यामागे एक भीतीही होती. गाणारी बाई म्हणजे कोण, हा प्रश्न. घरात ओवी गाईल ती सून, चारचौघांत गाईल ती वेगळी, असं लोक मानत. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करू लागल्या तेव्हा त्यांना हे सगळं अंगावर घ्यावं लागलं. आणि ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लोकांसमोर गात-नाचत आल्या, त्यांना तर आपण गाणं ऐकून घेतलं आणि मान दिला नाही. ती भीती गेली असं समजू नका. आमच्या वर्गाच्या वेळी गावातल्या एका जाणत्या माणसाने आम्हाला विचारलंच, "पोरींना स्टेजवर नाचवणार आहात काय?"

मुलं-मुली एका रांगेत बसून गातील, अशी उन्हाळी शिबिरं महाराष्ट्रात गावोगावी नेली ती राष्ट्र सेवा दलाने. 4 जून 1941 पासून दलाचं काम नव्याने उभं राहिलं. साने गुरुजी आमच्या अमळनेरला शाळेत शिक्षक होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची गाणी या शिबिरांतून पोरांच्या तोंडी बसली, आणि आज ज्या माणसाला सेवा दल म्हणजे काय माहीत नाही त्यालाही ती पाठ आहेत. मे 1947 मध्ये गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा दलाच्या गाणाऱ्या पोरांचं कलापथकही त्या प्रचारात होतं. पुढे निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही मंडळी या कलापथकांतूनच आली. गुरुजींचं आणखी एक काम आम्हाला जास्त जवळचं वाटतं. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' नावाने छापल्या. गाणं शिकवणारा माणूस आधी बायकांपाशी ऐकायला बसला होता.

आणि एप्रिल महिना आला की भीमनगरात काय चालतं, तेही गाण्याचं शिबिरच आहे. 14 एप्रिलच्या आधी महिनाभर संध्याकाळी ढोलकी वाजते, पोरंपोरी गाणी बसवतात. तिथे मुली मागे नसतात, हे आम्ही आमच्या गावात पाहिलंय. वामनदादा कर्डक, नाशिक जिल्ह्यातले, 1922चा जन्म, तरुण होईपर्यंत अक्षरओळख नव्हती, आणि त्यांनी गाणी लिहिली ती हजारांनी. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी तर बाबासाहेबांना थेट ओवीत आणलं. जुनी चाल, जुनं जातं, आणि त्यावर शाळेचं, पुस्तकाचं, हक्काचं गाणं. या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांच्या संग्रहात आहेत. 1980नंतर या दोघांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्या बायकांनी हजारावर गावं फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! ज्या आजी म्हणत होत्या "मले कुठं गानं येतं", त्यांच्याच या एक लाख.

आता परत आमच्या व्हरांड्यात येऊ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पेटीवाल्या काकांकडे गेलो. त्यांचा काही दोष नव्हता, माणूस मनापासून शिकवत होता. आमच्या गटातली एक जण माहेरी चार वर्षं गाणं शिकलेली. ती म्हणाली, "काका, पेटी कोणत्या पट्टीत लावता?" काका म्हणाले, "काळी दोन. मंडळाची हीच." तिने कपाळावर हात मारला.

ज्यांना पेटीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवर कुठल्याही पट्टीला सा धरता येतो. तो सा खाली धरला की सगळं गाणं खाली, वर धरला की सगळं वर. मोठ्या पुरुषाच्या गळ्याला साधारण काळी एक, काळी दोन सोयीची पडते. बायकांना आणि लहान पोरांना काळी चार, काळी पाच. काही बुवा उंच पट्टीत गातात, पण तो वर्षानुवर्षं कमावलेला गळा. आता दहा वर्षांच्या पोरीला काळी दोनचा सा दिला तर ती काय करणार? खालचा सा धरला तर आवाज बाहेर पडत नाही, घशातच विरतो. वरचा धरला तर धृपदापर्यंत जमतं, आणि अंतरा आला की किंचाळी. तिला वाटतं मला गाता येत नाही. आईला वाटतं आमच्या घरात गळाच नाही. मुलं हसतात.

खरं तर आठ-दहा वर्षांच्या मुलाचा आणि मुलीचा आवाज सारखाच असतो. त्या पोरांनाही काळी दोन सोसत नव्हती. पण ती सप्ताहात बापाशेजारी टाळ घेऊन उभी राहायला सरावलेली, जोरात ओरडून निभावून न्यायची. आणि ओरडलेलं मुलाला चालून जातं.

चौथ्या दिवशी काकांनी काळी चार धरली. त्यांना स्वतःला ती जड जात होती, म्हणून ते नुसते वाजवत राहिले आणि म्हणून दाखवायचं काम आमच्या त्या मैत्रिणीने केलं. आठ मुली गायल्या. मोठ्याने नाही, पण सुरात. गेटाबाहेर दोघी-तिघी उभ्या होत्या, त्याही आत आल्या. आठवड्याच्या शेवटी मुली पुन्हा वीसवर गेल्या.

वर्ग शाळेतच का, सभामंडपात का नाही, यावरूनही बोलणी झाली होती. सभामंडप थंड, पंखे आहेत, पेटीही तिथेच असते. पण तिथे सगळ्या आळ्यांची पोरं आली नसती. कोणी अडवलं नसतं, पण आली नसती. म्हणून तापता व्हरांडा घेतला आणि वर हिरवं जाळीचं कापड बांधलं. भीमनगरातले दोन मुलगे ढोलकी घेऊन आले, त्यांच्या हातात मंडळाच्या पोरांपेक्षा जास्त ताल होता. एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत होता, तो गायला लागला की सगळी हसायची. आम्ही त्याला सहा महिने गाणं नको, ताल धर म्हणालो. त्या वयात गळ्यावर जोर दिला तर आवाज खराब होतो. त्याने मन लावून टाळ वाजवला.

सातव्या दिवशी त्या आजीला आणलं. आधी यायलाच तयार नव्हती. आम्ही कोपऱ्यातलं एक जुनं घरोट धुऊन व्हरांड्यात मांडलं, खाली सुपात ज्वारी. आजी म्हणाली, "मले पेटी नको." काकांनी पेटी मिटून ठेवली. आजीने दोन फेरे नुसतेच ओढले, आणि मग उचललं. काका शेजारी बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच पेटी उघडली, बोटाने एक-एक पट्टी दाबत आजीचा सा शोधला. तो कोणत्याच पट्टीवर नीट बसेना. काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी होता. काकांनी पेटी परत मिटली.

त्या दिवशी पोरींनी तिच्याकडून अकरा ओव्या घेतल्या, वहीत लिहून. आम्ही त्या फोनवर रेकॉर्ड केल्या, आणि आपल्या रेडिओवर तुम्ही ऐकल्या असतील. रेडिओबद्दलही एक सांगू द्या. 2006 साली सरकारने संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी दिली. 2008 साली तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, झहीराबादजवळ, संगम रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्या शेतकरी, मजूर, दलित बायका. त्याच वर्षी साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग. त्याआधी आजीची ओवी आकाशवाणीवर लागायची असेल तर शहरातून कोणीतरी यावं लागे, निवडावी लागे. आता आजीचा आवाज तिच्याच गल्लीत, तिच्याच सुनेच्या फोनवर वाजतो. आजीने स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती म्हणाली, "ही कोन बाई? बरी म्हनते."

यंदाही वर्ग आहे. फरक दोनच. पट्टी पहिल्या दिवशी ठरेल, मोठ्यांची वेगळी, लहानांची वेगळी. आणि पहिले दोन दिवस पेटी नाहीच, नुसता आवाज आणि टाळ्या. तुमच्या गावात करणार असाल तर पेटीवाल्यांना आधी भेटा, शेवटी नाही. आमचे तीन दिवस वाया गेले.

श्रावणातल्या सप्ताहाचं सांगायचं राहिलं. हरिपाठ सुरू व्हायचा होता. आमच्या वर्गातली सहावीतली एक मुलगी बायकांतून उठली, पेटीपाशी गेली आणि म्हणाली, "काका, काळी चार द्या ना." मंडपात दोन-चार जण हसले. बुवा म्हणाले, आम्ही कसं म्हणायचं मग? थोडी कुजबुज झाली. काकांनी काळी तीन दिली. पुरुषांना जरा वर गेली, पोरींना जरा खाली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तिच्यावरच हरिपाठ म्हटला.